निवेदन नोंदवही: खासदार कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२५

२८ मार्च, शुक्रवार

नोंदवहीचा तिसरा महिना. जानेवारीत हात घातला तेव्हा कार्यालयातली निवेदनं तीन ठिकाणी मुक्कामाला असायची: काकांच्या टेबलाचा खालचा खण, गाडीच्या डिकीतली पिशवी आणि साहेबांच्या सदऱ्याचा खिसा. सदरा धुवायला गेला की निवेदन गेलं. आता कागद आला की आवक क्रमांक, गाव, विषय, कोणाकडे पाठवलं, जावक क्रमांक, पोच, उत्तराची तारीख, शेरा. एक्सेलमध्ये आठ रकाने.

आज नववा वाढवला: 'हे काम मुळात कोणाचं?'

तीन महिन्यांचे कागद त्या रकान्याने लावून पाहिले. नाली, पथदिवा, शाळेची गळकी खोली, अंगणवाडीचं छत, ग्रामसेवक येत नाही, घरकुलाचा हप्ता अडकला. ढीग सगळा ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या बाजूला. थेट दिल्लीशी संबंध असलेले विषय, म्हणजे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, पासपोर्ट, पीएफ, राष्ट्रीयीकृत बँका, एका फायलीत मावले. संसदेत होणाऱ्या एखाद्या कायद्याबद्दलचं निवेदन एकही नाही.

काकांना दाखवलं. पंचवीसेक वर्षं ते हेच करतायत, दोन साहेब पाहिले. म्हणाले, "पोरी, हा रकाना भिंतीवर लावू नकोस. दारात आलेल्या माणसाला 'हे आमच्याकडे नाही' म्हटलं की तो बरोबर पाच वर्षांनी उत्तर देतो."

पण लोक इथे का येतात हे त्यांनीच सांगितलं. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर २०२२ पासून प्रशासक आहेत. ज्या सदस्याच्या ओट्यावर जाऊन नालीसाठी भांडायचं, तो सदस्यच नाही. मग माणूस एक पायरी वर चढतो, तिथे आमदार; ते अधिवेशनात असले की आमच्याकडे.

२९ मार्च, शनिवार

साहेब रात्री उशिरा दिल्लीहून आले, सकाळी साडेसातला दौऱ्यावर. आज अमावास्या, त्यामुळे भूमिपूजन एकही नाही. नारळ सगळे उद्याच्या पाडव्यावर ढकललेले. अमावास्येला उरतात त्या सांत्वनपर भेटी आणि तक्रारीच्या जागा.

सहा घरी बसून आलो. या भेटींची नोंदवहीत जागा नाही, तरी प्रत्येक घरातून एक कागद हाती येतोच. चौथ्या घरी मुलाने वडिलांच्या फोटोशेजारून लिफाफा उचलून दिला: उसाची थकलेली रक्कम.

दुपारी ७७ नंबर गेटवर. गेट आता नाही, नाव राहिलं. ब्रॉडगेज मार्गावरची सगळी मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली आणि बऱ्याच ठिकाणी बदल्यात रुळांखालून भुयारी मार्ग आला. फाटकावरचे अपघात थांबले, हे मान्य करायलाच हवं. पण मार्ग खोल आणि शेतं वर. पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं.

सरपंचताई उतारावरून खाली घेऊन गेल्या. आत गारवा, बाभळीच्या शेंगांचा थर आणि भिंतीवर गेल्या पावसाळ्याने ओढलेली मातकट रेघ. मी शेजारी उभी राहिले, रेघ माझ्या छातीपर्यंत आली. साहेबांनी बोटाने खरवडली, नखात गाळ आला. पाणी उपसायला पंप बसवलेला आहे, मोटरही जागेवर आहे. वीजजोडणी नाही. बिल कोणी भरायचं, ग्रामपंचायतीने की रेल्वेने, या एका वाक्यावर दोन पावसाळे गेले.

"पोरं रुळावरून शाळेला जातात," सरपंचताई म्हणाल्या. "गेट होतं तवा निदान पाटी तरी होती, थांबा म्हणून."

निवेदन हाताने लिहिलेलं, खाली अंगठ्यांच्या दोन रांगा. आवक करून घेतलं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

चार भूमिपूजनं, एक लोकार्पण. कुदळ तीच, डिकीत कायमची असते. दांड्याला गुंडाळलेली लाल फडकी तेवढी बदलते.

प्रत्येक गावात एकच मागणी: सभामंडप. प्रत्येक गावात मी तेच सांगते, की खासदार निधीतून देवळाच्या आवारात काम होत नाही, नियमच नाही. ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा द्या, सामाजिक सभागृह होईल. मग गावाची दोन गटांत चर्चा होते आणि जागेचा सातबारा पुढच्या दौऱ्याला देतो असं ठरतं.

निधीचं गणितही कोणाला पटत नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये. २०११-१२ पासून आकडा हलला नाही, उलट कोविडमध्ये योजना दीड वर्ष थांबली होती. आपल्या राज्यात आमदाराचा निधीसुद्धा ५ कोटी, आणि लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा. म्हणजे आमच्या वाट्याला एका विधानसभेमागे ८३ लाख. त्यातही खासदार फक्त शिफारस करतो; मंजुरी, निविदा, देयक सगळं जिल्हा प्रशासनाकडे. लोकांना वाटतं साहेबांच्या खिशात चेकबुक आहे.

लोकार्पणाच्या कोनशिलेवरून वाद. आमदारांचं नाव साहेबांच्या वर की खाली? ग्रामपंचायतीने शेवटी दोन्ही नावं एका ओळीत कोरली, अक्षरं इतकी बारीक की गावाचं नाव वाचायला वाकावं लागतं.

दुपारी विश्रामगृहावर टीव्ही चालू होता. पंतप्रधान नागपुरात, रेशीमबाग आणि दीक्षाभूमी. बाहेर बसलेल्या मंडळींपैकी कोणीही आत डोकावलं नाही. ते त्यांच्या नंबरची वाट पाहत होते.

३१ मार्च, सोमवार

ईद, संसदेला सुट्टी. सकाळी तीन मोहल्ल्यांत भेटी, चार वाट्या शिरखुर्मा. सगळीकडे एकच प्रश्न, हळू आवाजात: वक्फच्या विधेयकाचं काय? साहेबांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. संध्याकाळच्या विमानाने ते आणि काका दिल्लीला गेले.

मार्चअखेर असल्याने जिल्हा नियोजन कार्यालयात रात्रीपर्यंत दिवे. मीही तिथेच होते, पण लिहिण्यासारखं काही नाही. स्कॅनर आणि रांग.

१ एप्रिल, मंगळवार

काकांचा फोन: उद्यासाठी पक्षाचा व्हिप निघाला, तीन ओळींचा. सभागृहात हजर राहायचं आणि पक्ष सांगेल तसं मत द्यायचं.

इकडे शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू. केंद्रीय विद्यालयात 'खासदार कोट्यातून' प्रवेश हवा म्हणून सकाळपासून पाच पालक. एका खासदाराला दहा प्रवेशांची शिफारस करता यायची, ती सोय एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली. हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो. त्याला वाटतं, मी दहा नावं आधीच भरून बसलेय.

दुपारी रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याची पत्रं. कोणाचं ऑपरेशन, कोणाची परीक्षा, कोणाचं नुसतंच वेटिंग. पीएनआरचे दहा आकडे मी दोनदा वाचते, तिसऱ्यांदा शिपाईदादांकडून मोठ्याने वाचून घेते. एक आकडा चुकला की एखादं कुटुंब रात्रभर डब्याच्या दाराशी बसून जातं. हा नियम मीच केलाय आणि मला त्याचा थोडा अभिमान आहे.

पंतप्रधान मदतनिधीसाठी एक प्रकरण: आई, हृदयाची शस्त्रक्रिया. रुग्णालयाचं खर्चाचं मूळ अंदाजपत्रक हवं, मुलाने झेरॉक्स आणलेली. त्याला परत पाठवताना जिवावर आलं.

रात्री ७७ नंबर गेटचा मसुदा. लोकसभेत नियम ३७७ खाली, म्हणजे लोकहिताचा मुद्दा लेखी मजकुरातून मांडायच्या सोयीने, द्यायचा तर मजकूर २५० शब्दांत बसला पाहिजे. माझा ३१० झाला. काका म्हणाले, "शून्य प्रहराची नोटीस टाकू. तिथे मिनिटभर मिळतो. पाण्याची रेघ ठेव, बाकी कापून टाक." शून्य प्रहर म्हणजे सभागृहात खासदार आपापले तातडीचे मुद्दे मांडतात ती वेळ. रेघ ठेवली. साहेब मराठीतच बोलणार, तसं आधी कळवलंय.

२ एप्रिल, बुधवार

प्रश्नोत्तरांचा तास संपल्यावर बाराच्या सुमारास वक्फ सुधारणा विधेयक चर्चेला आलं. संसद टीव्ही दिवसभर चालू ठेवला.

आज कार्यालयात वेगळीच गर्दी. दोन्ही बाजूंची माणसं आली, वेगवेगळ्या वेळेला, हे नशीब. एका गटाकडे छापील निवेदन, दुसऱ्याकडे सह्यांचे चार कागद. साहेबांनी बाजूने मत द्यावं. साहेबांनी विरोधात मत द्यावं. फोनही तसेच. सगळ्यांचं आवक केलं. नवव्या रकान्यात तीन महिन्यांत पहिल्यांदा बिनदिक्कत लिहिता आलं: 'खासदाराचं'.

आणि नेमक्या याच कामात त्यांच्या हाती सगळ्यात कमी. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीसाठी घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. नालीसाठी ते ज्यांचा पिच्छा पुरवतात त्या गटविकास अधिकाऱ्यावर त्यांचा अधिकार नाही, तरी तिथे त्यांना वाटेल ते करता येतं: फोन, पत्र, आंदोलन, रुसवा. जिथे घटनेने त्यांना मत दिलं तिथे ते पक्षाने आधीच ठरवलेलं. काकांना फोनवर हे बोलले तर म्हणाले, "रकाने वाढवत बसू नकोस, जेवलीस का?"

संध्याकाळी आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी व्हिपबद्दल समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी निवेदन चुकीच्या पत्त्यावर आणलं." पोच मात्र मागून घेतली.

३ एप्रिल, गुरुवार

मतदान मध्यरात्र उलटून गेल्यावर. दोनच्या सुमारास आकडा आला: बाजूने २८८, विरोधात २३२. त्यानंतरही सभागृह चालूच, मणिपूरमधल्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव. काकांचा मेसेज पहाटे: 'साहेब आत्ता घरी. चहा टाकलाय.'

मला वाटलं आजचा शून्य प्रहर वाया जाणार. रात्रभर जागलेलं सभागृह. झालं उलटंच. अधिवेशन उद्या संपतंय म्हणून असेल, पण आज ज्याने त्याने आपापल्या गावचं मांडलं. शून्य प्रहर पाच तासांहून जास्त चालला आणि २०२ सदस्य बोलले. लोकसभेच्या इतिहासात एका दिवसात इतके कधीच नाहीत. आधीचा आकडा १८ जुलै २०१९ चा, १६१. आदल्या रात्री देशभर टीव्हीला खिळलेली माणसं आज नव्हती. आज पूल, एक्स्प्रेसचे थांबे, पाण्याच्या टाक्या, कॉलेजं. आमच्या नोंदवहीसारखंच, फक्त देशाच्या आकाराचं.

साहेबांचा नंबर लागला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, पण बोलले छान. "अध्यक्ष महोदय, त्या भिंतीवरची पाण्याची रेघ शाळकरी मुलाच्या डोक्यावरून जाते." हे माझ्या मसुद्यात नव्हतं. मी माझ्या उंचीने मोजली होती, त्यांनी पोरांच्या.

क्लिप कापून गावच्या ग्रुपवर टाकली. आज झोप लागेल.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सात वाजता सरपंचताईंचा फोन. आधी आभार, मग जरा थांबून: "ताई, साहेब ७१ नंबर म्हणाले का?"

क्लिप पुन्हा ऐकली. फाटक क्रमांक ७१. मसुदा काढला: ७१. मूळ निवेदन काढलं. आकडा इंग्रजीत, दुसऱ्या सातची वरची रेघ अंगठ्याच्या शाईत बुडालेली. मला तो एक वाटला. तालुक्याचं नाव बरोबर, गावाचं नाव शब्द कापताना मीच उडवलं होतं. ७१ नंबर त्याच मार्गावर आहे, बऱ्याच अलीकडे.

दहा आकडी पीएनआर तीनदा वाचणारी मी. दोन आकडे एकदाही पडताळले नाहीत. शनिवारी स्वतः त्या रेघेशेजारी उभी होते, हे त्याहून वाईट.

काकांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्याने जास्त लागलं. इतिवृत्तात लिहून घेणाऱ्याची चूक झाली तर दुरुस्त करता येते. सदस्य जे बोलला ते बदलत नाही. मार्ग एकच: साहेबांचं रेल्वेमंत्र्यांना वेगळं पत्र, विभागीय कार्यालयाला प्रत, गावाच्या नावासह. दुपारपर्यंत मसुदा गेला. तोवर लोकसभा अनिश्चित काळासाठी तहकूब झाली होती. आता थेट पावसाळी अधिवेशन. पाणी त्याच्या आधीच येणार.

साहेबांना मीच फोन केला. विमानतळावर होते. "अगं, ७१ वाल्यांचं भलं झालं तर आपलं काय जातंय," म्हणाले. मग, "सरपंचताईंकडे तू जाऊन ये. पत्र पाठवू नकोस, जा."

६ एप्रिल, रविवार

गेले. रामनवमीचा प्रसाद मिळाला, बोलणी मिळाली नाहीत. नोंदवहीत दहावा रकाना: 'मूळ कागदाशी पडताळणी, सही'.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत मिरवणुका आणि अभिवादन, चौदा ठिकाणी. तीन वस्त्यांत अभ्यासिकेची मागणी. खासदार निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी द्यावा लागतो, म्हणजे वर्षाला ७५ लाख. अभ्यासिका हे त्यातलं सगळ्यात टिकणारं काम, माझं मत. पेव्हर ब्लॉक सुचवणारे मात्र नेहमी पहिल्या रांगेत असतात, आणि पोरं मागे.

१७ एप्रिल, गुरुवार

'दिशा' समितीची बैठक, जिल्हाधिकारी कार्यालयात. २०१६ पासून ही समिती आहे. खासदार अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, केंद्राच्या योजनांचा आढावा. दर तिमाहीला व्हावी असा नियम.

साडेतीन तास. जलजीवनच्या टाक्या उभ्या आणि नळ कोरडे, यावर दीड तास गेला. साहेबांच्या हातात माझ्या नोंदवहीचे छापील कागद होते, गावनिहाय. योजना पूर्ण झाल्याचं एका अधिकाऱ्याने सांगितलं; साहेबांनी आवक क्रमांक, तारीख आणि निवेदन देणाऱ्या बाईंचं गाव वाचून दाखवलं. खोलीत कागद चाळण्याचा आवाज झाला. तीन महिने एक्सेल भरल्याचं चीज झालं, तेवढ्या आवाजाने.

शेवटी विषय पत्रिकेत नसताना ७७ नंबर गेट. वीज कंपनीचे अभियंते म्हणाले, जोडणी देतो, अर्ज कोणाच्या नावाने? पुन्हा तेच वाक्य. जिल्हाधिकारी म्हणाल्या, तिघांनी जागेवर जाऊन ठरवा. संयुक्त पाहणी, ६ मे.

२३ एप्रिल, बुधवार

काल पहलगाममध्ये पर्यटकांवर गोळीबार, २६ जण गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. मतदारसंघातले लोक श्रीनगरमध्ये अडकलेत; रात्रभर फोन. नाव, हॉटेल, किती जण, लहान मुलं आहेत का, औषधं आहेत का. नोंदवही बाजूला, साधी वही. सगळे सुरक्षित, पण तिकडून प्रत्येकाला आजच निघायचंय. काका महाराष्ट्र सदनाच्या संपर्कात. नाली, दिवा, सभामंडप यांचा आज एकही फोन नाही.

२ मे, शुक्रवार

शून्य प्रहरातल्या मुद्द्याला उत्तर आलं. हिंदीत, दोन परिच्छेद, अतिशय नम्र. फाटक क्रमांक ७१ येथील भुयारी मार्गाची तपासणी करण्यात आली असून सदर ठिकाणी पाणी साचत नसल्याचं आढळलं आहे.

साहेब इतके हसले की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. मला हसू आलं नाही. नंतर आलं. चुकीच्या पत्त्यावर का होईना, महिन्याभरात माणूस जाऊन बघून आला होता. उत्तर आवक केलं. 'निकाली' लिहायचं की नाही यावर काकांशी वाद. सध्या पेन्सिलने 'अंशतः'.

६ मे, मंगळवार

संयुक्त पाहणी. रेल्वेचे अभियंते, वीज कंपनीचे अभियंते, ग्रामसेवक, सरपंचताई, मी. ऊन असं की भुयारी मार्गात उतरायला सगळे आपणहून तयार.

खाली असतानाच ग्रामसेवकांचा फोन वाजू लागला. सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितल्या. ते वर जाऊन बोलून आले, चेहऱ्यावर नुसती यादी: मतदारयाद्या, आरक्षण, बूथ. सरपंचताईंनी विचारलं, "म्हणजे झेडपीला माणूस येणार परत?" येईल, म्हटलं. "मग तुमची वही हलकी होईल की."

बिलाचं ठरलं, अर्धवट का होईना: जोडणीचा अर्ज ग्रामपंचायत करेल, पंपाची दुरुस्ती रेल्वेची, आणि पहिल्या पावसाळ्याच्या बिलाचं साहेब बघतील. कसं बघतील ते मला माहीत आहे. निधीतून वीजबिल भरता येत नाही.

रेल्वेच्या अभियंत्यांनी टेप काढला. एक टोक मी जमिनीवर धरलं, दुसरं सरपंचताईंनी रेघेवर. १ मीटर २० सेंटिमीटर. त्यांनी खिशातली छोटी वही काढून लिहिलं आणि मिटली.

"साहेब, जरा वही दाखवता?" मी म्हटलं. त्यांना आवडलं नाही, पण दिली. आकडा मोठ्याने वाचला, मग सरपंचताईंकडून वाचून घेतला. ७७.

खाली गावाचं नाव लिहायला सांगितलं.